पीळ

सोहारच्या बंदरावर मी गाठी मारतो.
कार्डावर लिहिलंय रिगर,
त्याखाली अरबीत माझं नाव, बापाचं, आज्याचं.
खिडकीतल्या कारकुनानं दोनदा विचारलं, आजोबांचं नाव?
मी म्हटलं, दगडू.
त्यानं उजवीकडून डावीकडं सरळ लिहून टाकलं.
गावात त्याला कुणी दगडू म्हणून हाक मारली नव्हती.
ए दोरवाल्या, एवढंच.

बाप घायपात सडवायचा ओढ्याच्या खालच्या डोहात.
वरचा डोह गावाचा.
तो वास आमच्या अंगाला, भाकरीला, माझ्या दप्तराला;
मास्तर म्हणायचे, खिडकीपाशी बस.
वाक वळून वळून बापाच्या उजव्या मांडीचे केस गेले होते,
लहान पोराच्या मांडीसारखी गुळगुळीत, एकच मांडी.
कासरे, दावी, नाडे, वेसणी.
साऱ्या गावचे बैल आमच्या पिळात बांधलेले
आणि खळ्यावर आम्ही शेवटी उभे,
मातेऱ्याची वाट बघत.

मग तालुक्याच्या दुकानात नायलॉन आलं.
ज्वारी बंद झाली,
पोळ्याला फुकटचा कासरा मागायची सवय तेवढी राहिली.
एका साली बाप म्हणाला, यंदा पैसे पडतील.
पैसे म्हणताना तो हसला होता, मला आठवतं,
लाजल्यासारखा.
त्या दिवसापासून चक्कीवाल्यानं आमचं दळण घेतलं नाही.
आई डोक्यावर पायली घेऊन पलीकडच्या गावाला जायची,
सकाळी निघाली की दिवेलागणीला पीठ.
वैजू तेव्हा अंगावर पीत होती.

सत्तर हजार एजंटाला. तीन शेळ्या, आईची डोरली, बाकी व्याजानं.

इथं खोलीत आठ जण, एक पातेलं.
पहिल्या रात्री गुलजमाननं रोटी मोडून
अर्धी माझ्यापुढं धरली.
मी मागं वळून बघितलं,
कुणाला देतोय म्हणून.

गेल्या महिन्यात परभणीकडचा एक आला.
तीन वर्षांनी कानावर मराठी!
मी त्याची बॅग उचलली, चहा केला.
गाव कुठलं, तालुका कुठला, सगळं जमलं.
आडनाव?
शिंदे.
कोणते शिंदे?
त्याचा ग्लास ओठांपाशी थांबला.
मी म्हटलं, मांगवाड्यातले.
चहा त्यानं संपवला, ते खरं.
दुसऱ्या दिवसापासून तो वेगळा शिजवतो, छोट्या डब्यात.
म्हणतो, पित्त झालंय.
गुलजमाननं मला बाजूला घेऊन विचारलं, आजारी आहे का हा?
मी म्हटलं, हो.
औषध आहे का?
मला हिंदीत पुढचं जमलं नाही.

परवा चौदा टनांचा पाईप उचलायचा होता.
पट्टा मी बांधला. लोंबता दोर धरून खाली तो.
समुद्राकडून वारा सुटला, पाईप हळू हळू फिरायला लागला.
त्यानं वर बघितलं.
पाईपाकडं नाही. माझ्या हातांकडं.
क्रेनवाल्याला मूठ दाखवून मी थांबवलं,
सगळं खाली घेतलं,
गाठ पुन्हा तपासली, शॅकलची पिन पुन्हा आवळली.
बैल कुणाचा ते दोर विचारत नाही, बाप म्हणायचा.
बैलवाला विचारतो, बाबा.
रोज विचारतो.

शुक्रवारी आईचा फोन. चित्र थरथरतं.
वैजू नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेली, फी भरली,
उंबऱ्याला सिमेंट झालं.
पाटलाचा नातू आला होता म्हणे पोळ्याच्या आधी,
रिवाज म्हणून कासरा मागायला.
मग?
मी म्हणलं, वळणारा मातीत गेला, दुसरा समुद्रापार.
बाई, मागं ते काय दिसतंय?
तिनं फोन फिरवला.
दारात दोन खांबांना ताणलेला नवाकोरा दोर,
त्यावर वैजूचा पांढरा ड्रेस, आईचं हिरवं लुगडं.
मी डोळे बारीक करून बघितलं,
डावा पीळ. बापाचा.
वळलाय की मी, आई म्हणाली.
आपल्यासाठी वळायला कुणाची
आणि तिथंच नेट गेलं.